गुडघ्यांपर्यंतचे केस आणि एका गुंत्याचा दिवस

ज्या बाईंच्या केसांविषयी मी लिहिणार आहे त्यांना मी बरीच वर्षे ओळखते. त्यांचे केस गुडघ्यांपर्यंत पोहोचतात आणि अधूनमधून शेंडे नीट करून घेण्यासाठी त्या माझ्याकडे येतात. एरवी त्यांना माझी फारशी गरज पडत नाही, कारण इतके लांब केस कसे सांभाळायचे हे त्यांनी स्वतःच सावकाशपणे शोधून काढलेले आहे. म्हणूनच त्यांच्या धाकट्या बहिणीचा सकाळी फोन आला आणि ‘ताईचे केस कापावेच लागतील असे सगळे म्हणताहेत, पण त्याआधी तुम्ही एकदा पाहा’ असे ती म्हणाली, तेव्हा प्रकरण साधे नसणार हे माझ्या लक्षात आले. मी त्या दिवसाची बाकीची कामे पुढे ढकलली आणि दोघींना लगेच बोलावून घेतले.

टॉवेल सोडला तेव्हा मानेच्या वरच्या भागापासून पाठीच्या मध्यापर्यंतचे केस एकमेकांत पूर्णपणे आवळून गेलेले दिसले. त्याला गुंता म्हणणेही अपुरे होते. बोट आत शिरेल एवढीही फट कुठे नव्हती आणि गोळा इतका घट्ट होता की एका बाजूने उचलला तर सगळाच्या सगळा उचलला जात होता. गोळ्याच्या खाली मात्र केसांचे शेंडे सुटे लोंबत होते आणि टाळूजवळचे चार बोटे केसही मोकळे होते. त्या काही बोलत नव्हत्या. बहीण मात्र पुन्हा पुन्हा सांगत होती, ‘मी फक्त धुतले हो, नीटच धुतले.’

तिचे म्हणणे खरे होते. ताई तापाने बरेच दिवस अंथरुणावर होत्या आणि त्या सगळ्या काळात वेणी सोडलेली नव्हती. ताप उतरल्यावर अंगात उभे राहण्याचे बळ नव्हते, म्हणून बहिणीने त्यांना खुर्चीवर बसवून, सगळे केस डोक्यावर गोळा करून, भरपूर शाम्पू घालून, दोन्ही हातांनी गोल गोल चोळून प्रेमाने धुतले. नंतर टॉवेलने खसाखसा पुसले. खांद्यापर्यंतच्या केसांना या पद्धतीने फारसे काही झाले नसते. गुडघ्यांपर्यंतच्या केसांचा मात्र एका धुण्यात गोळा झाला, आणि तो वाळल्यावर आणखी आवळला गेला. असे एकाएकी केस आवळून जाणे त्वचारोगतज्ज्ञांनाही परिचित आहे आणि त्यामागे पुष्कळदा हेच कारण सापडते, की लांब केस डोक्यावर रचून ते चोळले गेलेले असतात.

असे का होते ते मी त्या दोघींना काम सुरू करण्यापूर्वीच समजावून सांगितले, कारण बहिणीच्या मनातील अपराधीपणा दूर झाल्याशिवाय तिची मदत नीट झाली नसती. केसाच्या पृष्ठभागावर एकावर एक बसलेले सूक्ष्म खवले असतात आणि त्यांची मोकळी कड शेंड्याकडे वळलेली असते. त्यामुळे केस चिमटीत धरून बोटे मुळाकडून शेंड्याकडे नेली तर ती सहज घसरतात आणि उलट नेली तर अडखळतात. केस एका दिशेत सरळ लोंबत असतात तोवर हे खवले परस्परांच्या आड येत नाहीत. तेच केस डोक्यावर रचले की एकाचा शेंडा दुसऱ्याच्या मुळाकडे वळतो, आणि चोळताना प्रत्येक केस फक्त एकाच बाजूला सरकतो, मागे येत नाही. लोकर साबणाच्या पाण्यात चोळली की तिचा नमदा तयार होतो, तसेच हे घडते. त्यात पाण्याने केस फुगतो, त्याची जाडी पंधराएक टक्क्यांनी वाढते आणि खवल्यांच्या कडा अधिकच वर येतात.

पुढचा प्रश्न होता तो कात्रीचा. अशा वेळी गोळा कापून टाकणे हाच अनेक ठिकाणी दिला जाणारा सल्ला असतो आणि तो नेहमीच चुकीचा असतो असे मी म्हणणार नाही. गोळ्याखाली टाळूला जखम किंवा संसर्ग असेल, वास येत असेल, उवा असतील किंवा व्यक्तीला तासन्‌तास बसणे शक्यच नसेल, तर आधी डॉक्टरांना दाखवणे आणि गरज पडल्यास केस कापणे हेच शहाणपणाचे ठरते. मी टाळू बोट बोट करून तपासली. ती स्वच्छ होती. ताईंना मधूनमधून आडवे होण्याची सोय करून देता येणार होती. तेव्हा मी त्यांना एवढेच विचारले, ‘वेळ बराच जाईल, आणि सगळे केस वाचतील असे वचन मी देऊ शकत नाही. सुरुवात करू का?’ त्यांनी मान हलवली. कुणाच्या केसांचा निर्णय त्यांच्या वतीने घाईघाईने घेणे मला अत्यंत गैर वाटते, आणि आजारातून उठलेल्या माणसाच्या बाबतीत तर ते अधिकच गैर आहे.

केस पुन्हा धुवायचे नाहीत हे पहिले पथ्य होते. ओला केस ताणला तर साधारण तीस टक्क्यांपर्यंत लांबतो आणि मग परत येतो, परंतु त्याहून पुढे ओढला गेला की त्याची हानी कायमची होते, आणि गुंत्यात कोणता केस किती ओढला जातो आहे हे हाताला कळत नाही. म्हणून गोळा कोरडा असतानाच त्यात तेल आणि घट्ट कंडिशनर बोटांनी दाबत दाबत मुरवले. हे मुरवणेच इतके सावकाश चालले होते की बहिणीला काम सुरू झाले आहे असे वाटेना. नंतर गोळ्याच्या खालच्या कडेपासून, म्हणजे शेंड्यांच्या बाजूने, विणकामाच्या जाड सुईच्या टोकाने एकेक बट बाहेर काढायला सुरुवात केली. कंगव्याला अजून कितीतरी वेळ हात लावायचा नव्हता. सुईने बट सैल करायची, बोटांनी ती केसाच्या लांबीच्या दिशेत ओढून घ्यायची, मोकळी झालेली बट लगेच सैल वेणीत गुंफून चिमट्याने बाजूला लावायची आणि पुढच्या बटेकडे वळायचे, असा क्रम होता. दुसरा हात सतत गोळा आणि टाळू यांच्या मधल्या केसांवर घट्ट होता, जेणेकरून ओढ मुळांपर्यंत पोहोचणार नाही. थोड्याच वेळात हा दुसरा हात मी बहिणीकडे सोपवला आणि तिने तो शेवटपर्यंत हलू दिला नाही.

दुपार होईपर्यंत जमिनीवर आणि मांडीवर गळालेल्या केसांचा मोठा ढीग जमला आणि तो पाहून ताईंचा धीर सुटला. ‘एवढे गेले, मग वाचवता आहात काय?’ असे म्हणून त्या रडू लागल्या. मी त्या ढिगातून काही केस उचलून पांढऱ्या कागदावर ठेवले. बहुतेकांच्या एका टोकाला बारीक पांढरट गाठ होती. आपले आयुष्य संपवून मुळातून आपोआप सुटलेल्या केसाची ती खूण असते. जो केस मधेच तुटतो त्याच्या दोन्ही टोकांपैकी कुठेही अशी गाठ नसते. माणसाच्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि त्यातले रोज ५० ते १०० गळणे स्वाभाविक आहे. रोज विंचरले तर ते रोज निघून जातात. वेणी बरेच दिवस सोडलीच नाही तर ते सगळे वेणीतच राहतात आणि धुताना तेच पहिल्यांदा आडवे-तिडवे फिरून इतरांना आवळतात. म्हणजे ढिगातले पुष्कळ केस माझ्या सुईने किंवा बहिणीच्या हाताने गेलेले नव्हते. हे कागदावर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर ताईंनी डोळे पुसले आणि पुढचे काही केस स्वतःच तपासून पाहिले.

त्याच वेळी मी त्यांना आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती आज ना उद्या सांगावीच लागणार होती. जोराचा ताप येऊन गेला की वाढीच्या अवस्थेतले पुष्कळ केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन ते तीन महिन्यांनी एकत्र गळू लागतात. तेव्हा तसे झाले तर ते आजच्या कामामुळे किंवा बहिणीच्या धुण्यामुळे झाले असे समजायचे नाही. मुळे शाबूत असतात आणि ही गळती बहुधा काही महिन्यांत आपोआप थांबते. ती लांबली तर डॉक्टरांना दाखवायचे.

हात चालू असताना बोलायला वेळ भरपूर होता. केस किती लांब होऊ शकतात, असे बहिणीने विचारले. केस महिन्याला एक सेंटिमीटरहून थोडे अधिक, म्हणजे वर्षाला साधारण १५ सेंटिमीटर वाढतात, आणि हा वेग कात्रीने वाढत नाही की तेलाने बदलत नाही. लांबीची मर्यादा ठरते ती एकेका केसाची वाढीची अवस्था किती काळ टिकते यावर. बहुतेकांच्या बाबतीत ती दोन ते सात वर्षे असते. काही थोड्या लोकांत ती याहून कितीतरी दीर्घ असते. चीनमधील श्ये चिउपिंग यांनी १९७३ मध्ये, तेराव्या वर्षापासून केस वाढवायला सुरुवात केली आणि २००४ मध्ये गिनीजच्या नोंदीसाठी ते मोजले गेले तेव्हा ५.६२७ मीटर भरले. ही देणगी मुळांची आहे. ती सर्वांना मिळत नाही, आणि शाम्पूच्या जाहिराती काहीही म्हणोत, ती बाजारात मिळत नाही.

माणसाच्या हातात असते ते वाढलेले टिकवणे. ताईंचे शेंडे हे आठ-नऊ वर्षांपूर्वी टाळूतून बाहेर आलेले केस आहेत. आठवड्यातून दोनदा धुणे धरले तरी त्या शेंड्यांनी आठशेहून अधिक वेळा पाणी पाहिले आहे. नव्या केसावर एक अतिशय पातळ स्निग्ध थर असतो, जो केसाला घसरता आणि पाणी न धरणारा ठेवतो. तो थर धुण्या-घासण्याने जातो आणि एकदा गेला की पुन्हा येत नाही, कारण केसाला स्वतःची दुरुस्ती करता येत नाही. म्हणून एकाच केसाचे वरचे आणि खालचे टोक या माझ्या दृष्टीने दोन वेगळ्या वस्तू आहेत. वरच्या भागाला स्वच्छता हवी असते, खालच्या भागाला घर्षणापासून बचाव. ताई हे पूर्वीपासून जाणून होत्या. शाम्पू पाण्यात पातळ करून फक्त टाळूला, कंडिशनर फक्त लांबीला, विंचरणे शेंड्यांपासून सुरू करून वर वर सरकत जाणे, झोपताना सैल वेणी, आणि आंबाड्याची जागा रोज थोडी बदलायची, म्हणजे एकाच ठिकाणच्या मुळांवर ताण येत नाही. धुण्यापूर्वी त्या खोबरेल तेल लावतात, आणि त्याला आधार आहे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली होती, तेव्हा केसातील प्रथिनांची झीज खोबरेलामुळेच कमी झालेली आढळली, कारण त्यातील लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरू शकते.

संध्याकाळी उरला तो मानेच्या वरच्या खळगीतील सुपारीएवढा गोळा. तो काही केल्या सुटेना. मी सुई त्यात दोन-तीन बाजूंनी घालून पाहिली, तेल पुन्हा मुरवले, पण आतले केस आता तुटू लागले होते. मी हात थांबवला आणि ताईंना आरशात दाखवले. तो गोळा आडवा न कापता उभा, म्हणजे केसांच्या लांबीच्या दिशेत चिरला, तर त्यातले काही केस वाचतात. तसे करू का, असे विचारल्यावर त्यांनी होकार दिला. अर्धेअधिक वाचले, बाकीचे गेले, आणि त्या जागी आखूड केसांचा एक पट्टा राहिला. तो वरच्या केसांखाली झाकला जात होता. बाकी सगळी लांबी कायम राहिली होती. फक्त शेंड्यांची दुभंगलेली टोके मी कापली, कारण फाटलेला केस तसाच ठेवला तर फाट वर चढत जाते.

अडीच-तीन महिन्यांनी ताईंचे केस खरोखरच गळू लागले. त्या घाबरल्या नाहीत. गळालेले केस कागदावर ठेवून, गाठी पाहून, मग त्यांनी मला फोन केला. पुढे गळती थांबली आणि मानेवरच्या पट्ट्यातले केसही वाढीला लागले.

माझ्या कामात मात्र त्या दिवसापासून एक बदल कायमचा झाला. ताईंना सगळे माहीत होते, परंतु ते त्यांच्या हातांपुरतेच होते. त्यांच्या हातांत बळ नव्हते त्या दिवशी घरात दुसऱ्या कोणालाही ते ठाऊक नव्हते. आता कंबरेखाली केस असलेली व्यक्ती माझ्याकडे आली की मी विचारते, ‘तुम्ही आजारी पडलात तर केस कोण धुईल?’ आणि शक्य असेल तर पुढच्या वेळी त्या व्यक्तीला सोबत घेऊन या असे सांगते. त्या व्यक्तीला मी समोर उभे करून एकदा सगळे करायला लावते. आजारपणात वेणी एक दिवसाआड सोडून हाताने गुंता काढायचा आणि पुन्हा सैल घालायची. केस धुण्याची घाई करायची नाही, धुण्याआधी शेंड्यांपासून पूर्ण विंचरायचे, आणि उभे राहवत नसेल तर डोके मागे टेकवून केस सरळ खाली सोडायचे. शाम्पू टाळूला बोटांच्या पेरांनी लावायचा आणि फेस लांबीवरून आपोआप उतरू द्यायचा, लांबी चोळायची नाही. कंडिशनर हाताने वरून खाली ओढत लावायचा. पुसताना टॉवेल केसांभोवती धरून नुसता दाबायचा आणि केस जवळजवळ वाळेपर्यंत कंगवा बाजूला ठेवायचा.