मावशींचं दिल्लीचं तिकीट

बेळगावात फिजिओथेरपी करते मी, त्यातही ब्रेस्ट कॅन्सरच्या ऑपरेशननंतर हात सुजतो तसले पेशंट जास्त. भाताची कापणी सुरू झाली की खानापूरकडची माणसं ओपीडीत दिसायची बंद होतात, त्यामुळं मावशी ऐन सुगीत नवऱ्याला घेऊन आल्या तेव्हा नवलच वाटलं. मुलगा मिलिटरीत, पोस्टिंग दिल्लीला, त्यानं सांबऱ्याहून विमानाचं तिकीट काढलेलं आणि गल्लीत कुणीतरी सांगितलं की ऑपरेशनात काखेतल्या गाठी (लिम्फ नोड) काढलेली बाई विमानात बसली की हात सुजतो तो परत उतरतच नाही. झालं! काका म्हणाले, "आम्ही गोवा एक्सप्रेसनं जातो की, दीड दिवस लागला तर लागूदे."

आता ही भीती अगदीच हवेतली नाही बरं का. विमान वर गेलं की आतला हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंच डोंगरावर असतो तेवढाच राहतो, मग बाहेरून दाब कमी म्हणून हातात पाणी साचेल असा तो हिशेब, आणि पूर्वी काही बायकांनी प्रवासानंतर सूज आल्याचं सांगितलंही होतं. पण बोस्टनच्या डॉक्टरांनी ६३२ बायकांचे हात पुन्हा पुन्हा मोजले, तीन हजारांवर मापं, २०१६ ला ते छापून आलं, त्यात विमानाचा संबंध काही लागला नाही. लागला तो काखेतल्या गाठी साफ काढण्याशी, तिथं दिलेल्या रेडिएशनच्या शेकाशी, जास्त वजनाशी आणि हातातल्या इन्फेक्शनशी.

हे बोलत बोलतच टेप काढला, तर मावशी उजवा हात पदराखालून काढेनात. "राहूदे ओ ताई, त्याला माती लागलीय." शेवटी काढला. बोटाला चिंधी, आत हळद भरलेली, विळा लागलेला. आणि मनगटापासून वर कोपराकडं कातडी लालभडक, हात लावला तर गरम. ऑपरेशन झालेल्या बाजूचाच हात! थंडी वाजली का विचारलं तर मावशी नाही म्हणतायत आणि काका म्हणतायत काल रात्री दोन चादरी घातल्या की. माप घेतलं, डाव्यापेक्षा दोन सेंटीमीटर जास्त.

मग विमान, दिल्ली सगळं बाजूला. काखेतल्या गाठी म्हणजे हाताची राखण, त्या काढल्या की साधं कापलेलंसुद्धा भराभर पसरतं आणि हातातलं पाणी वाहून नेणाऱ्या उरल्यासुरल्या नळ्या खराब करून जातं, मग सूज कायमची मुक्कामाला. मसाज नाही, बँडेज नाही, तसंच रिक्षात बसवून सर्जनकडं पाठवलं, त्यांनी ॲडमिट करून शिरेतून अँटिबायोटिक चालू केलं. राग मला एकाच गोष्टीचा आला, घरदार विमानाची चर्चा करतंय आणि हीच बाई हातमोजे न घालता शेतात विळा चालवतीय, ते कुणाच्या डोक्यात येऊ नये?

पिशवीत ऑनलाईन मागवलेला स्लीव्ह, म्हणजे सूज दाबून धरायची घट्ट बाही, तो पण होता. वर सैल, मनगटाला करकचून. असला घालून बसलं तर पंजाच सुजायचा. लाली पूर्ण उतरल्यावर मापाचा करून दिला, सोबत पंजाचा मोजा, कारण आता सूज थोडी राहिलेली आणि अशा हाताला विमानात स्लीव्ह घातलेला बरा. मध्येमध्ये मूठ उघडझाप करा, पाणी प्या म्हटलं. ज्यांना सूजच नाही त्यांना मी स्लीव्हचा आग्रह करत नाही, बेमापाचा तर नकोच.

तिकीट पुढं ढकलून गेले एकदाचे. दिल्लीहून काकांचा फोन आला, हात जसाच्या तसा आहे म्हणाले. म्हटलं बॅगा कुणी उचलल्या? तर मागून मावशी, "तांदळाची पिशवी तेवढी मी घेतली ओ, ती काय जड नव्हती."