बाई शोधायची तर आधी तिच्या नवऱ्याचं नाव शोधा

एम.ए.च्या प्रोजेक्टला ‘अमेरिकेच्या राजकारणातील स्त्रियांची भूमिका’ असा विषय लिहून दिला की गाइड सही करून मोकळे होतात अन् पोट्टी अडकते. यात १८४८चं बायकांच्या हक्कांसाठीचं सेनेका फॉल्सचं अधिवेशनही येतं आणि २०२४ची कमला हॅरिस यांची निवडणूकही. सत्तर पानांत हे मावत नाही. विषय कापून घ्या. समजा प्रश्न असा धरला: १९१६ ते १९३२ या काळात काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, गेलेल्या बायका कोणत्या वाटेनं गेल्या?

एवढ्यातही माल भरपूर आहे. जनेट रँकिन १९१६ मध्ये मोंटानातून निवडून आल्या, देशभरच्या मताधिकाराआधी चार वर्षं. मोंटानानं तो हक्क १९१४ मध्येच दिला होता. रिबेका फेल्टन १९२२ मध्ये नेमणुकीनं सिनेटर झाल्या, सभागृहात बसल्या एकच दिवस. हॅटी कॅरवे यांना १९३१ मध्ये नवरा वारल्यावर त्याच्या जागी नेमलं. हे वाचून आपल्याला लगेच सरपंचपती आठवतो, आणि तुलना इथंच घसरते. आपल्याकडे बाई खुर्चीवर येते त्यामागे ७३वी घटनादुरुस्ती आणि महाराष्ट्रातलं ५० टक्के आरक्षण असतं. नवरा जिवंत असतो आणि कारभार त्याच्या हाती राहतो. तिकडे राखीव जागा नाहीतच. शिवाय कॅरवे पुढे स्वतः निवडून येत १९४५ पर्यंत सिनेटमध्ये राहिल्या. तुलना करायचीच तर वेगळ्या प्रकरणात करा.

‘अमेरिकेच्या १९व्या घटनादुरुस्तीनं सगळ्या बायकांना मत दिलं’ हे वाक्य बहुतेक प्रोजेक्टांत सापडतं, आणि ते चूक आहे. लिंगाच्या कारणावरून मत नाकारता येणार नाही, एवढंच ती दुरुस्ती म्हणते. म्हणून दक्षिणेतल्या राज्यांनी साक्षरतेची परीक्षा आणि मतदानाचा कर पुढे करून काळ्या बायकांना १९६५च्या मतदान हक्क कायद्यापर्यंत अडवून धरलं. तारखेचाही घोळ होतो: दुरुस्तीला लागणारी शेवटची, टेनेसी राज्याची मंजुरी १८ ऑगस्ट १९२०ची, अधिकृत घोषणा २६ ऑगस्टची. अमेरिकन तारखेत महिना आधी येतो. ८/९ म्हणजे ९ ऑगस्ट.

जुनी वर्तमानपत्रं लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’वर फुकट आहेत. शोधताना ‘विमेन्स सफ्रेज’ (बायकांचा मताधिकार) टाकलं तर थोडंच हाती लागतं, कारण त्या काळी एकवचनी ‘वुमन सफ्रेज’ लिहायचे. ‘सफ्रजेट’ हा शब्द मुख्यतः इंग्लंडचा. अमेरिकेतल्या चळवळीतल्या बायका स्वतःला सफ्रजिस्ट म्हणवत. लग्न झालेली बाई बातमीत पुष्कळदा नवऱ्याच्या नावानं असते. हॅटी कॅरवे सापडल्या नाहीत तर ‘मिसेस थॅडियस कॅरवे’ टाकून बघा. पानांचा मजकूर मशीननं वाचलेला असतो, त्यात ओळीच्या शेवटी तुटलेला शब्द हुकतो. म्हणून नाव, गाव, पक्ष असे वेगवेगळे शब्द वापरा. तालुक्याला रेंज जेमतेम असते, तेव्हा आधी नुसता मजकूर उघडा आणि कामाच्या पानाचंच चित्र उतरवा. उद्धरण मात्र चित्रावर ताडूनच घ्या.

सहा खंडांचा मताधिकार-चळवळीचा इतिहासही इंटरनेटवर फुकट मिळतो. त्याचे पहिले तीन खंड चळवळीच्या पुढारी स्टँटन, अँथनी आणि गेज यांनीच संपादले, त्यामुळे लूसी स्टोन यांच्या प्रतिस्पर्धी संघटनेला त्यात जागा कमी. तो एका बाजूचा कागद म्हणूनच वापरा. आज काँग्रेसमध्ये किती बायका आहेत त्या आकड्यांसाठी रटगर्स विद्यापीठाच्या, राजकारणातल्या स्त्रियांवरच्या केंद्राची पानं बघा, पण कोणत्या तारखेचा आकडा ते लिहा. पोटनिवडणुकीनं तो बदलतो, आणि मताचा अधिकार नसलेले प्रतिनिधी धरले की नाही त्यावरही. लेखांसाठी कॉलेजच्या ग्रंथपालांकडे एन-लिस्टचं (कॉलेजांना ई-नियतकालिकं देणाऱ्या योजनेचं) लॉगिन मागा.

एक साधन मात्र तिकडच्या बहुतेक संशोधकांना मुळातून वाचता येत नाही, आपल्याला येतं. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी फिलाडेल्फियाला गेल्या, जवळपास तीन वर्षं अमेरिकेत राहिल्या आणि १८८९ मध्ये ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे मराठीत छापलं. तिथल्या बायकांच्या स्थितीवर त्यात वेगळं प्रकरण आहे. वाचताना एक ध्यानात ठेवा: रमाबाई त्याच वेळी इथल्या विधवांच्या शाळेसाठी तिकडे मदत गोळा करत होत्या. म्हणून कौतुक कुठलं आणि डोळ्यांनी पाहिलेलं कुठलं, याच्या खुणा समासात करत वाचा.