मापे मातीत उतरवताना

सिरॅमिक्सच्या शेवटच्या वर्षी, वापरातून गेलेल्या वस्तू मातीत उतरवण्याचा प्रकल्प मी हाती घेतला आणि सुरुवात आजोळच्या पितळी मापांपासून केली. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली हा हिशोब १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धत आल्यानंतर बाजारातून मागे पडत गेला, तरी आमच्या गावाकडे पायली अजून कानावर येते. मला माप मुद्दाम हवे होते. त्याचे सारे मोल आतल्या पोकळीत असते आणि माती नेमकी ती पोकळीच बदलून टाकते.

म्हणून आधी आकुंचन मोजले. ओल्या मातीच्या पट्टीवर सुरीने दहा सेंटिमीटरची रेघ ओढली. पट्टी सावलीत वाळून, कच्ची आणि मग १२२० अंशांवर पक्की भाजून निघाली, तेव्हा तीच रेघ ८.८ सेंटिमीटर भरली. बारा टक्के हा आकडा किरकोळ वाटतो, परंतु तो लांबी, रुंदी आणि उंची अशा तिन्ही बाजूंना लागू होत असल्यामुळे आकारमान ०.८८ च्या घनाइतके, म्हणजे सुमारे ६८ टक्केच उरते. शिवाय मातीची भिंत पितळी पत्र्याहून जाड असते, त्यामुळे शेरावरून सरळ साचा घेतला तर निम्म्याहून थोडेच अधिक धान्य त्यात मावते.

आमचा शेर मधे कमरेत निमुळता आणि दोन्हीकडे पसरट आहे. असे भांडे अखंड साच्यातून निघत नाही, म्हणून दोन उभ्या पाकळ्या आणि बुडाचा एक असे प्लास्टरचे तीन भाग केले. पितळेला मऊ साबणाचा हात दिला, प्लास्टर पाण्यात शिंपडत कालवले आणि साचा पूर्ण वाळल्यावर सोडियम सिलिकेट घालून पातळ केलेली माती त्यात ओतली. प्लास्टर पाणी शोषते, कडेला साय धरावी तशी मातीची भिंत धरते आणि उरलेली माती ओतून काढायची असते. खरी कसोटी त्यानंतर लागते: भिंत आकसू लागते, पण कंबर साच्यात अडकलेली असते, आणि पाकळ्या सोडवायला उशीर झाला तर बरोबर कमरेवर आडवी चीर जाते. काठाजवळ माती साच्यापासून केसभर सुटलेली दिसली की पाकळ्या उघडायच्या, हे मी बोटांनी शिकले.

दुसऱ्या संचासाठी मूळ आकार सुमारे १३.६ टक्क्यांनी वाढवून, भिंतीची जाडी हिशोबात धरून प्लास्टरचे नवे नमुने चाकावर उतरवले. भाजून निघालेल्या या शेरात तांदूळ भरून, शीग काढून पितळी शेरात ओतले, ते काठाला लागले. तो आनंद मोठा होता. तरीही प्रदर्शनात दोन्ही संच शेजारी मांडायचे मी ठरवले आहे, कारण आटलेला संच मातीचा स्वभाव जितका उघड करतो तितका दुरुस्त केलेला करत नाही.

याच वाटेने मी जोर्वे संस्कृतीच्या भांड्यांकडे वळले. प्रवरेकाठच्या जोर्वे येथे आणि घोड नदीकाठच्या इनामगावला उत्खननांत सापडलेली ही ताम्रपाषाणयुगीन लाल भांडी पातळ, चांगली भाजलेली असून टिचकी मारल्यावर धातूसारखी वाजतात. संग्रहालयातल्या वस्तूवर प्लास्टर ओतता येत नाही, आणि ते योग्यच आहे. त्यामुळे उत्खनन अहवालांतल्या छेदचित्रांवरून मापे घेऊन, आकुंचन जमेस धरून लांब तोटीचे भांडे चाकावर घडवते आहे. सध्या अडचण तोटीच्या सांध्याची आहे: पातळ तोटी पोटाआधी वाळते आणि जोडावर सुटते, म्हणून तोटीला ओले फडके गुंडाळून दोन्हींचा ओलावा सारखा ठेवण्याचा प्रयोग चालू आहे.