वडाला दुसरी सावली

गेल्या रविवारी आमच्या वस्तीच्या कलाप्रदर्शनात मी प्रथमच स्वतःच्या हाताने स्क्रीन प्रिंटिंग, म्हणजे चौकटीवर ताणलेल्या जाळीतून रंग दाबून करायची छपाई, केले. प्रथमच असे लिहिताना थोडे ओशाळल्यासारखे होते, कारण माझ्या मामाचा हाच व्यवसाय होता. पुण्यातल्या एका लहानशा खोलीत तो लग्नपत्रिका आणि व्हिजिटिंग कार्डे छापत असे, आणि तुळशीचे लग्न आटोपून लगीनसराई सुरू झाली की ओल्या पत्रिका कडेने धरून रॅकवर वाळत मांडण्याचे काम आम्हा भावंडांकडे येई. जाळीवरून रंग ओढणाऱ्या रबरी पट्टीला, म्हणजे स्क्वीजीला, मात्र हात लावण्याची परवानगी नव्हती. ‘माल वाया जाईल’, एवढे एकच कारण तो सांगत असे.

प्रदर्शन शाळेच्या सभागृहात होते. भिंतीवरच्या चित्रांपुढे दोन-तीन माणसे रेंगाळत होती आणि मागच्या टेबलाभोवती खरी गर्दी होती. टेबलावर मोठ्या अक्षरांत ‘सेरिग्राफी’ अशी पाटी होती. स्क्रीन प्रिंटिंगचेच हे दुसरे नाव 1930 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत रूढ झाले. दुकानांच्या जाहिराती छापणाऱ्यांपासून आपले काम वेगळे दिसावे, म्हणून तिथल्या चित्रकारांनी ते स्वीकारले. त्याचा अर्थ रेशमावरचे रेखाटन असा काहीसा होतो. मँचेस्टरच्या सॅम्युएल सायमन यांनी 1907 मध्ये या छपाईचे पेटंट घेतले तेव्हा जाळी रेशमाचीच होती. आता ती पॉलिएस्टरची असते. मामाला ही पाटी दाखवली असती, तर त्याने आधी दर विचारला असता.

टेबल सांभाळणाऱ्या ताईंनी स्क्रीन कशी तयार होते ते आधी नीट समजावून दिले. लाकडी चौकटीवर ताणलेल्या जाळीला अंधाऱ्या खोलीत इमल्शनचा पातळ थर द्यायचा, तो वाळला की त्यावर काळ्या शाईत काढलेले चित्र ठेवून प्रखर उजेड दाखवायचा. उजेड लागेल तिथे इमल्शन घट्ट होते. काळ्या रेषांच्या आड राहिलेला भाग मऊच राहतो आणि पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन जातो, म्हणजे रंगाला तेवढीच वाट उरते. मामा हेच काम गच्चीवर उन्हात करी. स्क्रीनवर काच दाबून तो मोठ्याने आकडे मोजत असे, आणि त्या वेळी त्याच्याशी कोणी बोललेले त्याला खपत नसे. कार्डावरच्या बारीक अक्षरांसाठी तो दाट विणीची जाळी वापरी. इथे सुती पिशव्यांवर छापायचे असल्यामुळे सेंटिमीटरला 43 धाग्यांची, म्हणजे बरीच विरळ जाळी होती, कारण कापड रंग पुष्कळ पिते.

चित्र आमच्या चौकातल्या वडाचे होते. माझी पाळी आली तेव्हा मी बाइंडरमध्ये, म्हणजे रंग कापडाला धरून ठेवणाऱ्या द्रावात, कालवलेला हिरवा रंग चौकटीच्या वरच्या कडेला ओतला, स्क्वीजी किंचित तिरकी धरली आणि ती स्वतःकडे ओढली. रबराची धार जाळीवरून सरकताना एक बारीक खर्र असा आवाज येतो. लहानपणी शेजारच्या खोलीतून तासन् तास ऐकलेला तो आवाज या वेळी मनगटातून वर चढत होता. दाब मधल्या भागात कमी पडत होता आणि ते हाताला कळतही होते, पण अर्ध्यावर थांबता येत नाही, कारण थांबले तिथे रंगाची रेघ उमटते.

यानंतरची चूक मात्र सर्वस्वी माझी. कसे उमटले आहे ते पाहण्यासाठी मी चौकटीचा एक कोपरा उचलला, पारंब्या फिकट दिसल्या म्हणून ती पुन्हा टेकवली आणि आणखी एक हात मारला. तेवढ्यात कापड केसभर सरकले होते. वडाला दुसरी सावली आली. ‘पाहायचे नाही, उचलायचे ते एकदाच,’ असे ताई शांतपणे म्हणाल्या, आणि माझ्यामागे उभ्या असलेल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलीने ते ऐकून पहिल्याच ओढीत स्वच्छ वड छापला. मला दुसरी पिशवी हवी होती, पण रांग मोठी होती आणि पिशव्या मोजक्याच होत्या.

घरी येऊन पिशवी रात्रभर वाळवली आणि सांगितल्याप्रमाणे उलट्या बाजूने चार-पाच मिनिटे गरम इस्त्री फिरवली. रंग पक्का झाला, म्हणजे आता ती दुसरी सावलीही धुऊन जाणार नाही.