इम्प्लांट हाडात बसला, हिरडीचं काम मात्र बाकी होतं

दाताचा इम्प्लांट, म्हणजे काढलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसणारा धातूचा स्क्रू, बसवायचा ठरला की जो तो हाडाबद्दल विचारतो. हाड पुरेसं आहे का, स्क्रू नीट धरेल का, किती महिने थांबायचं. माझ्या बाबतीत हाडानं काहीच त्रास दिला नाही. सगळा कस लागला तो हिरडीचा. त्याबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळालं नाही, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते.

खालची डावी दाढ काढून बरीच वर्षं झाली होती. फोंड्यातल्या एका दवाखान्यात टायटॅनियमचा इम्प्लांट बसवला. तीनेक महिन्यांनी एक्स-रे पाहून डॉक्टर म्हणाल्या, "हाड बरें आसा." हे शास्त्र आता चांगलं मुरलेलं आहे. टायटॅनियमला हाड घट्ट धरतं, हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांना १९५०च्या दशकात सशांच्या हाडांवर संशोधन करताना दिसलं आणि १९६५ साली त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात इम्प्लांट बसवले.

मग हिरडी उघडून इम्प्लांटवर हीलिंग कॅप, म्हणजे हिरडी भरून येईपर्यंतचं तात्पुरतं झाकण, लावली, आणि तिथून माझी तक्रार सुरू झाली. ब्रश लागला की चुणचुण व्हायची, थुंकीत रक्त दिसायचं. दुखतं म्हणून ब्रश हलका फिरायचा, त्यामुळे जंतूंचा थर साचायचा आणि हिरडी आणखी सुजायची. गाल बोटानं बाहेर ओढला की कॅपभोवतीची हिरडीसुद्धा त्याच्याबरोबर हलायची. डॉक्टरांनी बारीक मोजपट्टीनं अलगद तपासलं, पुन्हा एक्स-रे काढला. हाड झिजलेलं नव्हतं, सूज फक्त हिरडीत होती. या टप्प्याला म्यूकोसायटिस म्हणतात आणि तो पूर्ण बरा होऊ शकतो. सूज खाली उतरून हाड खाऊ लागली की पेरी-इम्प्लांटायटिस होतो, आणि गेलेलं हाड परत मिळवणं फार कठीण. म्हणून त्यांनी मला पणजीला हिरडीच्या तज्ज्ञांकडे पाठवलं.

त्या मॅडमनी शांतपणे समजावून सांगितलं, त्याचं मला आजही अप्रूप वाटतं. आपल्या खऱ्या दाताच्या मुळावर सिमेंटम नावाचा थर असतो. हिरडीतले कोलॅजनचे तंतू त्या थरात आडवे घुसून रुजलेले असतात, कुंपणाचे वासे जमिनीत पुरावेत तसे. इम्प्लांटला सिमेंटम नाही. त्यामुळे तंतू धातूच्या शेजारून उभे जातात किंवा त्याच्याभोवती कड्यासारखे फिरतात, आत रुजत नाहीत. हिरडीच्या वरच्या पेशी हेमिडेस्मोसोम नावाच्या सूक्ष्म चिकट ठिपक्यांनी धातूला धरतात खऱ्या, पण ही पकड दातापेक्षा कमजोर. शिवाय दाताभोवतीच्या अस्थिबंधातून हिरडीला जो रक्तपुरवठा मिळतो, तोही इथे नसतो. म्हणजे तोंडातले जंतू आणि आतलं हाड यांच्यामध्ये राखण करायला आहे ती फक्त तीन-चार मिलिमीटरची मऊ कड. तीच जर गालाबरोबर सारखी हलत राहिली तर पकड बसणार कशी?

माझी कड हलत होती त्याचं कारणही कळलं. दाढ काढल्यावर हाड हळूहळू खचतं, घट्ट गुलाबी हिरडीचा पट्टा अरुंद होतो आणि गालाकडची लालसर, हलती त्वचा वर सरकते. हा घट्ट पट्टा निदान २ मिलिमीटर असावा असं बरेच तज्ज्ञ मानतात. त्यावर सगळ्यांचं एकमत नाही, हेही मॅडमनी आपणहून सांगितलं. माझा पट्टा जेमतेम होता आणि ब्रश लावताना दुखत होतं, म्हणून घट्ट पट्टा वाढवायचाच, हा त्यांचा कौल स्पष्ट होता.

मी विचारलं, धातूच असा का बनवत नाहीत की हिरडी आपोआप चिकटेल? प्रयत्न चालू आहेत, त्या म्हणाल्या, पण पेच अवघड आहे. हाडाला खरखरीत पृष्ठभाग आवडतो, तो जंतूंनाही आवडतो. म्हणून हिरडीतून वर येणारा भाग गुळगुळीत ठेवतात. पण खरखरीतपणा ०.२ मायक्रोमीटरच्या खाली नेला तरी जंतूंचा थर त्याहून कमी होत नाही. काही इम्प्लांटच्या मानेवर लेझरनं काही मायक्रोमीटर रुंदीच्या बारीक चरी कोरतात. तिथे कोलॅजनचे तंतू आडवे लागलेले दिसले आहेत. इम्प्लांट आणि वरचा कृत्रिम दात यांना जोडणारा भाग, म्हणजे अबटमेंट, झिर्कोनिया या सिरॅमिकचा वापरतात, त्यावर जंतूंचा थर कमी धरतो असं म्हणतात. टायटॅनियमवर हवेतली कार्बनची संयुगं बसून तो 'म्हातारा' होतो. अतिनील किरण किंवा प्लाझ्मा देऊन तो पुन्हा ताजा केला की पेशी अधिक चांगल्या चिकटतात. लॅमिनिन-३३२ या प्रथिनाचे तुकडे धातूवर लावण्याचं संशोधनही चालू आहे, कारण हिरडीच्या पेशी मुळात त्याच प्रथिनाला धरतात. हे ऐकून मला फार आशा वाटली. पण माझ्या तोंडातला इम्प्लांट आधीच बसलेला होता. माझ्यासाठी खात्रीचा मार्ग एकच: टाळूवरची घट्ट त्वचा काढून तिथे लावणं.

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तोंडावर आली होती. घरात पाहुणे आणि नेवऱ्या असताना टाळूला जखम नको, म्हणून चवथीनंतरची तारीख घेतली. भूल दिल्यावर काहीच दुखलं नाही. हलती त्वचा खाली सरकवून हाडावरच्या पातळ आवरणालाच टाळूचा तुकडा टाक्यांनी घट्ट बसवला. पहिले दोन-तीन दिवस त्या तुकड्याला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. खालून झिरपणाऱ्या द्रवावरच तो जगतो, मग हळूहळू नव्या वाहिन्या आत शिरतात. तेवढ्या काळात तो तसूभरही हलता कामा नये. ओठ ओढून आरशात बघायचा मोह होतोच, तो टाळायचा.

दुखलं ते टाळूला, ग्राफ्टच्या, म्हणजे तो तुकडा लावलेल्या, जागी नाही. टाळूवर बसणारी प्लॅस्टिकची पातळ प्लेट दिली होती, तिच्यामुळे जेवण सुसह्य झालं. उकड्या तांदळाची पेज कोमट करून, आटवल, मऊ भात, दही. उंडे आणि तिखट हुमण बंद. ब्रश त्या जागी बंद आणि क्लोरहेक्सिडिनच्या गुळण्या. घरात मिस्री लावणारं किंवा सिगारेट ओढणारं कुणी असेल तर त्याला हे आधीच सांगा: तंबाखूनं असा ग्राफ्ट जगणं कठीण होतं. मधुमेह असेल तर साखर ताब्यात आणल्याशिवाय हात घालू नये.

ग्राफ्ट आकसतो, हे आधीच सांगितल्यामुळे मी घाबरले नाही. आता तिथे आजूबाजूपेक्षा फिकट पट्टा दिसतो, टाळूच्या रंगाचा. तो तसाच राहणार. गाल ओढला तरी तो जागचा हलत नाही.

दोन महिने जाऊ दिले, कारण इम्प्लांटभोवती हिरडीची कड जुळून यायला सहा ते आठ आठवडे लागतात. क्राउन, म्हणजे वरचा कृत्रिम दात, स्क्रूनं कसलेला घेतला. सिमेंटनं चिकटवला तर सिमेंटचा कण हिरडीखाली अडकून पुन्हा सूज आणू शकतो. अबटमेंट सारखा काढ-घाल केला की जुळलेली कड दर वेळी फाटते, म्हणून मॅडमनी तो एकदा बसवला तो बसवलाच.

आता रोज रात्री दातांमधला बारीक ब्रश फिरवते. दर सहा महिन्यांनी सफाई असते. मागच्या तपासणीत मोजपट्टी फिरवली तेव्हा रक्त आलं नाही आणि हाडाची पातळी पहिल्या एक्स-रेइतकीच होती. माझ्या वन्संनाही आता इम्प्लांट करायचा आहे. त्यांना मी आधी हिरडी मोजून घ्यायला पाठवलं. त्यांचा घट्ट पट्टा पुरेसा रुंद निघाला, त्यामुळे त्यांना टाळूची शस्त्रक्रिया लागणार नाही.