काळं निशाण, पांढरं निशाण

वडगावात लाईट गेलेली आधी कानाला कळते. दिवसभर गल्लीगल्लीतून यंत्रमागांची खडखड चालू असते. तिची इतकी सवय झालेली आहे की ती आहे हे लक्षातही राहत नाही. ती एकदम थांबली की वाचनालयात बसलेली माणसं मान वर करून बघतात. त्या रविवारी सकाळी दहाच्या सुमारास ती थांबली. मी खिडक्या उघडल्या आणि आमच्या वाचनकट्ट्याची मंडळी उजेडाला सरकून बसली.

बेळगावच्या या भागातल्या एका छोट्या वाचनालयात मी सोळा वर्षं ग्रंथपाल आहे. दोन खोल्या, चौदा कपाटं, आणि दारापाशी उतरत्या फळीचं एक टेबल. त्यावर मराठी आणि कन्नड वर्तमानपत्रं शेजारी शेजारी असतात. कट्ट्याला येणारे दहा-बाराजण. त्या महिन्यात आम्ही लिऊ त्सिशिन या चिनी लेखकाची 'द थ्री बॉडी प्रॉब्लेम' ही कादंबरी घेतली होती. चीनमधल्या विज्ञानकथांच्या मासिकात ती २००६ साली क्रमशः आली, २००८ साली तिचं पुस्तक झालं. केन लिऊ यांचा इंग्रजी अनुवाद २०१४ साली निघाला आणि २०१५ साली त्याला ह्युगो पुरस्कार मिळाला. अनुवादित कादंबरीला तो मिळण्याची ती पहिलीच वेळ. आणि ह्युगो काही समिती बसून देत नाही, जागतिक विज्ञानकथा संमेलनाचे सभासद मतं देतात. म्हणजे वाचकांनीच निवडलेलं पुस्तक. मला त्याचं फार अप्रूप होतं.

प्रत एकच, तीही इंग्रजी. चौघांनी आळीपाळीनं वाचली. बाकीच्यांना मी दर रविवारी थोडं थोडं मराठीत सांगत होते. सांगण्यासाठी म्हणून मी ती दोनदा वाचली.

खरं सांगायचं तर चार रविवारांत कट्टा फुटायच्या बेताला आला होता. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ म्हणत, "ही कादंबरी नाही, पदार्थविज्ञानाचा तास आहे. माणसं कुठं आहेत यात?" इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी येते, तिला कल्पना आवडल्या होत्या, पण पात्रं पुठ्ठ्याची वाटतात हे तिलाही मान्य होतं. मलाही आहे. तो धटिंगण पोलीस अधिकारी सोडला तर त्यातला कुणी जिन्यात भेटला असता तर मी ओळखला नसता. पण कल्पनेची झेप अशी की रात्री पुस्तक मिटल्यावरसुद्धा डोळ्यांपुढे तीन सूर्य उगवत राहावेत.

आणि गुरुजी. अडतीस वर्षं मराठी शाळेत शिकवलेले. पहिल्या प्रकरणानंतर त्यांनी पुस्तक दोन्ही हातांनी माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "बाई, हे माझ्याच्यानं होणार नाही." कादंबरी १९६७ साली सुरू होते, माओच्या चीनमधल्या सांस्कृतिक क्रांतीच्या ऐन भरात. पदार्थविज्ञानाच्या एका प्राध्यापकाला भर सभेत मंचावर उभं करतात, त्याची बायकोच त्याच्याविरुद्ध बोलते, आणि शाळकरी वयाच्या चार मुली त्याला मारून टाकतात. त्याची लेक, ये वेनजिए, गर्दीत उभी राहून हे पाहते. गुरुजी पुढच्या रविवारपासून यायचे, कोपऱ्यात बसायचे, बोलायचे नाहीत. एकदाच म्हणाले होते की १९६७ म्हटलं की आपल्याकडच्या माणसाला बेळगाव महाराष्ट्राला न देणारा महाजन आयोगाचा अहवाल आठवतो. ते तेव्हा बारा वर्षांचे होते, आणि वडिलांनी त्या रात्री न जेवता ताट सरकवलेलं त्यांना आठवतं. त्याच साली दुसरीकडे काय चाललं होतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

तर लाईट गेली त्या रविवारी आम्ही पोचलो होतो सैनिकांच्या प्रकरणाशी. कादंबरीत एक आभासी खेळ आहे. त्यातल्या जगाला तीन सूर्य, आणि ते कधी कुठून उगवतील याचा नेम नाही. कधी ऋतू शिस्तीत चालतात, कधी सगळं जळून किंवा गोठून जातं. दोन गोलांचं गणित न्यूटननं सोडवलं. तिसरा आला की सगळ्या वेळांना लागू पडेल असं सोपं सूत्र हाती लागत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फ्रेंच गणिती पॉँकारेनं दाखवून दिलं की सुरुवातीचा केसाएवढा फरक पुढे सगळं बदलून टाकतो. मग खेळातला चिनी सम्राट तीन कोटी सैनिक मैदानात उभे करतो आणि त्यांचाच संगणक करतो. प्रत्येकाच्या हाती एक काळं आणि एक पांढरं निशाण. समोरच्या दोघांचं पाहायचं, आपलं वर करायचं. घोडेस्वार निरोप इकडून तिकडे नेतात.

मी हे दोनदा सांगितलं. कुणाच्या काही पचनी पडेना. इंजिनिअरिंगवाल्या मुलीला अर्थातच कळत होतं, पण तिनं 'अँड गेट, ऑर गेट' म्हणायला सुरुवात केल्यावर बाकीचे आणखीच गळाठले. बँकवाले घड्याळ पाहू लागले.

"बाई, कळलं खरं, ते सैनिकांचं परत एकदा सांगा की."

आवाज वर्तमानपत्रांच्या टेबलाकडून आला. तिथं रोज सकाळी पाळीच्या आधी पंधरा मिनिटं पेपर चाळून जाणारे एक विणकर मामा आहेत. घरात कानडी, बाहेर मराठी, शिक्षण आठवीपर्यंत. माग बंद पडल्यामुळे ते त्या दिवशी थांबले होते. दोन आठवड्यांपूर्वी त्यांनी मला विचारलं होतं, "कसल्या पुस्तकावर भांडूलालाय सगळी?" आणि मी म्हणाले होते, "इंग्रजी आहे मामा, अवघड आहे." एवढं बोलून मी त्यांच्या हातात पेपर दिला होता. ते आठवलं की आजही मला वाईट वाटतं.

मी तिसऱ्यांदा सांगितलं. ते उठले, "आलो" म्हणाले, चपला घालून गेले. दहा मिनिटांनी परत आले ते हातात जेकार्डचे, म्हणजे मागावर नक्षी उतरवणारे भोकांचे पाच-सहा पत्ते घेऊन. दोऱ्यानं एकमेकांना ओवलेले, कोपराएवढे लांब, कडा तेलानं काळपट झालेल्या. त्यांनी ती माळ खिडकीसमोर धरली. भोकांतून ऊन आलं आणि टेबलावर ठिपक्यांच्या रांगा उमटल्या.

"हा पत्ता सुयांवर येऊन दाबतो. भोक असलं की सुई आत जाते, तिचा हूक जागेवर राहतो, माग त्याला उचलतो, दोरा वर. भोक नसलं की पुठ्ठा सुईला मागं ढकलतो. हूक चुकला, दोरा खालीच. एक पत्ता झाला की एक बाणा, आडवा दोरा, जातो. मग दुसरा पत्ता." त्यांनी बोट एका रांगेवरून फिरवलं. "हे मोराच्या मानेचं आहे. काठात येतो तो मोर. खरं एका सुईला विचारलं तर तिला मोर ठाऊक नाही. तिला भोक ठाऊक."

खोलीत कुणी बोललं नाही. मग त्यांनी बँकवाल्यांना, त्या मुलीला आणि गुरुजींना उठवून उभं केलं. माझी काळ्या पुठ्ठ्याची नोंदवही, काळी फाईल, एक काळी पिशवी आणि कोरे कागद वाटले. गुरुजींना सांगितलं, "समोरच्या दोघांनी काळं वर केलं तरच तुम्ही काळं करायचं. नाहीतर पांढरं." चार वेळा करून झालं. मग नियम बदलला. दोघांतल्या एकानं जरी काळं केलं तरी काळं. परत चार वेळा. "ही तीन माणसं. अशी तीन कोटी. मोर निघंल का नाही?"

ती मुलगी उसळूनच बोलली. म्हणाली, मामा, हे असंच झालंय. फ्रान्समध्ये १८०४ साली जाकारनं, म्हणजे तुमच्या जेकार्डवाल्यानं, हा माग केला आणि पुढं इंग्लंडात बॅबेजनं आपल्या गणनयंत्रासाठी हेच भोकांचे पत्ते घ्यायचं ठरवलं. संगणकाच्या वंशावळीत तुमचा माग आहे. मामा पत्त्यांकडे बघत राहिले. "हे आम्हाला कुणी सांगिटलं नव्हतं," एवढंच म्हणाले.

गुरुजी मात्र अजून उभे होते, हातात काळी पिशवी तशीच वर धरलेली. त्यांनी ती हळूच खाली केली.

"त्या चार पोरींनाही मोर ठाऊक नव्हता," ते म्हणाले. "निशाण वर करा म्हटलं, केलं. पुढच्यानं केलं म्हणून मागच्यानं केलं. मी अडतीस वर्षं प्रार्थनेच्या रांगा लावल्या, बाई. सरळ रांग बघून मला आनंद व्हायचा." त्यांचा आवाज भरून आला होता. मग त्यांनी माझ्याकडे पुस्तक मागितलं. महिन्याभरात पहिल्यांदाच.

हे पुस्तक मी दोनदा वाचलं होतं. पहिल्या प्रकरणातल्या मैदानाचा आणि सैनिकांच्या मैदानाचा असा काही संबंध लागू शकतो हे माझ्या मनातही आलं नव्हतं. लेखकाच्या मनात होता की नाही, मला सांगता येणार नाही. पण आता मला तो पुसता येत नाही.

त्यानंतर तास-दीड तास जो वाद झाला तसा आमच्या कट्ट्यावर कधी झाला नाही. त्या मुलीनं एक चूकही दाखवली. कादंबरीतलं ते जग आपल्या सर्वांत जवळच्या तारकासंस्थेत, अल्फा सेंटॉरीत, सुमारे सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे. तिथं तीन तारे आहेत हे खरं, पण त्यातले दोन एकमेकांभोवती साधारण ऐंशी वर्षांत फिरतात आणि तिसरा फार लांब आहे, त्यामुळे प्रत्यक्षात तिथं असा गोंधळ नाही. मी तिला सांगितलं की आपल्याकडे त्या जोडताऱ्याचं नाव 'मित्र' आहे. मे महिन्यात रात्री बेळगावच्या दक्षिणेला क्षितिजाशी अगदी खाली दिसतो. आणि कादंबरीत शत्रूची फौज निघते ती तिथूनच. साडेचारशे वर्षांनी पृथ्वीवर पोचायला. बँकवाल्यांचं मत काही बदललं नाही. पात्रं कच्ची ती कच्चीच, म्हणाले. पण काळी फाईल धरून ते पाऊणभर तास उभेच राहिले होते.

साडेबाराला लाईट आली. एकामागोमाग एक माग सुरू झाले आणि मामा पत्त्यांची माळ गुंडाळून वाक्य अर्धं टाकून गेले.

बुधवारी दुपारी वाचनालयात एक बाई आल्या. साडीला सुताचे बारीक धागे चिकटलेले. कांड्या भरता भरता उठून आल्या असाव्यात. आधी कधी पाहिल्या नव्हत्या. दाराशी थांबल्या आणि कानडीत विचारलं, "आ हुडगी उत्तर याक कोट्टळ्री?"

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. त्या मुलीनं उत्तर का दिलं, असं त्या विचारत होत्या. ये वेनजिए सूर्याचा वापर करून अवकाशात संदेश पाठवते आणि आठ वर्षांनी तिकडून इशारा येतो: उत्तर देऊ नका. तीन वेळा. दिलंत तर तुमची जागा सापडेल. ती तरीही उत्तर देते. चिनीतून इंग्रजीत, इंग्रजीतून माझ्या मराठीत, आणि मामांनी रात्री घरी कानडीत सांगितलेली ती गोष्ट त्या बाईंपर्यंत पोचली होती. 'उत्तर' हा शब्द तेवढा वाटेत बदलला नव्हता.

मी त्यांना आत बोलावलं, खुर्ची दिली. माझी कानडी मोडकी आहे. कपाटातून पुस्तक काढलं, त्या मुलीच्या बापाच्या प्रकरणाचं पान उघडलं आणि तिथपासून सांगायला सुरुवात केली.