कोकणकड्यावरचं प्रभुभोजन

पाचनईकडून गेलं तर हरिश्चंद्रगड दोन-अडीच तासांत होतो. खिरेश्वरकडून तोलारखिंडीची वाट धरली तर पाच-सहा तास कुठेच गेले नाहीत, वाटेत कातळटप्पा आहे, आणि कातळ संपून गड आला असं वाटतं तेव्हा टेकड्या सुरू होतात. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी खिरेश्वरच धरलं. मंडळीत त्यावरून बरंच बोलणं झालं. "साठीच्या मावशी येणार म्हणतात, मग सोपी वाट का नको?" असं मीही विचारलं. साहेब म्हणाले, "मावशींना विचारलंय. त्यांनाच लांबची हवी आहे."

आमचा तरुण संघ नावालाच तरुणांचा आहे. कॉलेजातली पोरं आहेत, नोकरीवाले आहेत, दवाखान्यात काम करणाऱ्या दोघी सिस्टर आहेत, आणि ज्यांच्याशिवाय कोणतंही शिबिर होत नाही त्या मावशी आहेत. दरवर्षी शिबिर होतं. हॉल, पंखे, माईक, दोन दिवस बायबलचं वचन, दुपारी मटणाचं जेवण. मी त्या शिबिरांतच वाढले, त्यांना नावं ठेवणार नाही. पण हॉलमध्ये माणूस आपल्या सोयीची खुर्ची निवडतो. ज्याच्याशी बोलायचं नाही त्याच्यापासून चार रांगा सोडून बसता येतं आणि दोघेही डोळे मिटून एकच गीत गाऊ शकतात.

आमच्यात तसंच चाललं होतं. पेटी वाजवणारे मास्तर आणि मंडळीचे खजिनदार नाताळपासून एकमेकांशी बोलत नव्हते. मास्तर नाताळच्या कार्यक्रमाचे प्रमुख. सभेत खजिनदारांनी सगळ्यांसमोर मांडवाच्या आणि साउंडच्या पावत्या मागितल्या. मास्तर उठून निघून गेले, आणि पुढच्या रविवारपासून पेटीवर एक शिकाऊ मुलगा बसू लागला. हे दोघे लहानपणी एकाच वस्तीत राहिलेले, एकाच दिवशी दृढीकरण होऊन चर्चचे पूर्ण सभासद झालेले. घराघरांत पक्ष पडले. प्रार्थनासभेला कोण कोणाच्या घरी जाणार, यावरून माणसं मोजली जाऊ लागली. ट्रेकच्या यादीत दोघांचीही नावं होती. ती कशी आली ते मला कळलं नाही. पाळकसाहेबांना मात्र नक्की माहीत असणार.

नगर-कल्याण रस्ता, टाकळी ढोकेश्वर, आळेफाटा, ओतूर, खुबी फाटा. पुढे पिंपळगाव जोगा धरणाच्या भिंतीवरून खिरेश्वर. जानेवारीचा शनिवार होता, पाण्यावर धुकं होतं. गाडीत पोरांनी गाणी म्हटली. मास्तर पुढच्या सीटवर, खजिनदार मागच्या.

चालायला लागल्यावर पहिला तासभर सगळे खूश असतात. रान दाट आहे, सावली आहे. मावशी सांगत होत्या, त्यांच्या माहेरची माणसं सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीच्या, म्हणजे मरियामातेच्या, यात्रेला चालत जायची. आम्ही प्रोटेस्टंट, यात्रा आमच्याकडे नाही, पण चालणाऱ्यांचं मावशींना फार कौतुक. आमच्या जिल्ह्यात देवासाठी चालणं नवं नाही. पंढरीच्या दिंड्या आमच्या दारावरून जातात. 1831 मध्ये अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला सुरू झालं, तेव्हाचे प्रचारकही गावोगाव पायीच हिंडले असणार. अकोले तालुक्यातला हा गड आमच्याच जिल्ह्यातला, तरी आमच्यातल्या बहुतेकांनी तो फक्त फोटोत पाहिलेला होता.

तोलारखिंडीत वाघाचं दगडी शिल्प आहे. तिथे बसून भेळ खाल्ली, एक स्तोत्र वाचलं. तेच ते, डोंगरांकडे डोळे लावून मदत कुठून येईल असं विचारणारं. इतकी वर्षं मी ते चर्चच्या बाकावर बसून वाचत आले. इथे डोळे वर केले तेव्हा समोर खरोखर कातळ होता आणि त्यावर चढायचं होतं. आमचा आवाज वाचताना जरा कमी झाला.

कातळाला लोखंडी रेलिंग आहे, खोबण्या आहेत. सवयीच्या माणसाला त्यात विशेष काही नाही. पण आमच्यातल्या अर्ध्यांनी जिन्यापेक्षा उंच काही चढलेलं नव्हतं. मास्तर सगळ्यांत चपळ. ते आधी वर गेले, एका चांगल्या जागी पाय रोवून बसले आणि एकेकाला हात देऊन वर घेऊ लागले. सिस्टर गेल्या, पोरी गेल्या. मावशींनी मधे थांबून मोठ्याने "येशू, येशू" म्हटलं आणि पुढचा पाय टाकला. खालून एक मुलगा त्यांची टाच धरून योग्य खोबणीत ठेवत होता. मावशी वर पोचल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग खजिनदारांची पाळी आली. मास्तरांनी हात पुढे केला. मी खजिनदारांच्या मागेच होते, मला दोघांचे चेहरे दिसत होते. खजिनदारांनी त्या हाताकडे पाहिलं आणि रेलिंग धरलं. त्यांचा पाय घसरला, गुडघा सोलला गेला, तरी ते रेलिंगच्या आधारानेच वर गेले. मास्तरांचा हात क्षणभर तसाच राहिला आणि मग मला मिळाला. तो हात थरथरत होता. सगळ्यांनी पाहिलं होतं. कोणी काही बोललं नाही.

त्यानंतरच्या टेकड्यांनी आमची खरी परीक्षा घेतली. ट्रेकवाले या वाटेवर सात टेकड्या आहेत असं सांगतात. एक चढलो की पुढची दिसते. ऊन वर आलं होतं, कारवीत वारा नव्हता, पाण्याच्या बाटल्या रिकाम्या होत चालल्या होत्या. सकाळची गाणी बंद झाली. कुरकुर सुरू झाली, वाट कोणी ठरवली, पाणी कमी का आणलं. मिसरातून निघालेले इस्राएल लोक रानात पाण्यासाठी मोशेवर कसे उलटले, त्यावर मी संडेस्कूलला कितीदा तरी शिकवलं आहे. त्या लोकांबद्दल तेव्हा मी फार कडक बोलत असे. त्या दुपारी मला त्यांची कीव आली.

एक मात्र पाहिलं. एरवी आमच्याकडे प्रार्थना लांब होतात. ज्याला बोलायला सांगावं तो दहा मिनिटं बोलतो, विषय सरकारपासून पावसापर्यंत जातात. त्या टेकडीवर एका मुलाला प्रार्थना करायला सांगितलं तर तो म्हणाला, "प्रभू, मावशींना पोचव. आम्हाला पाणी दे. आमेन." याहून खरी प्रार्थना मी आमच्या संघात ऐकलेली नाही. आणि खजिनदारांनी, जे एकेका रुपयाचा हिशेब ठेवतात, आपल्या सॅकमधली शेवटची भरलेली बाटली काढून मावशींना दिली, आणि उरलेली मागे पाठवली. ती हातोहात फिरत मास्तरांपर्यंत गेली. मास्तरांना ती कोणाची हे माहीत होतं. ते दोन घोट प्याले.

गडावर पोचलो त्याबद्दल फार लिहीत नाही. हरिश्चंद्रेश्वराचं मंदिर, चांगदेवांनी जिथे तपश्चर्या केली म्हणतात ती जागा, केदारेश्वराच्या गुहेतलं कमरेएवढं गार पाणी आणि चार खांबांपैकी शाबूत राहिलेला एक खांब, हे सगळं पाहिलं. दुसऱ्यांचं देवस्थान आहे, तिथे आपण पाहुणे आहोत, म्हणून आमची गाणी आम्ही तिथे म्हटली नाहीत. त्यावर कोणाला काही सांगावं लागलं नाही, याचा मला अभिमान वाटला.

पण गर्दी. शनिवारची रात्र म्हणजे गडावर तंबूंची वस्तीच उठते. प्रत्येक घोळक्याकडे एक स्पीकर. साक्षी, म्हणजे प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते, सांगायला आम्ही गोल करून बसलो तर शेजारी लग्नाच्या वरातीतली गाणी. दोनदा जाऊन विनंती केली, दुसऱ्या वेळी त्यांनी आवाज कमी केला, अर्ध्या तासाने पुन्हा चढवला. सकाळी पाण्याच्या टाक्यापाशी चिप्सची पाकिटं. इतकं चढून यायचं आणि घरात जे ऐकतो तेच इथे लावायचं, हे मला समजत नाही, आणि रागही येतो. डोंगरावर शांतता आपोआप मिळते असं ज्यांना वाटतं त्यांनी शनिवार-रविवारी जाऊ नये.

ज्या झोपडीत आम्ही जेवलो, त्या घरच्या ताईंची मात्र आठवण निघाली की आजही बरं वाटतं. पिठलं, तांदळाची भाकरी, ठेचा, आणि पुन्हा पुन्हा "अजून घ्या". प्रभुभोजनासाठी, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून पाव आणि द्राक्षरस वाटून घेण्याच्या विधीसाठी, पाळकसाहेबांनी पाव आणला होता. सॅकमध्ये तो असा चेपला होता की त्याचा चुरा झाला होता. साहेबांनी ताईंना विचारलं, पहाटे एक भाकरी मिळेल का, आमच्या प्रार्थनेसाठी हवी आहे. ताई म्हणाल्या, "देवाची हाय का? मग शिळी कशाला, ताजी करून देते." पहाटे साडेपाचला त्या हातपाय धुऊन चुलीशी बसल्या होत्या. बाकी सगळ्या जेवणाचे पैसे घेतले, त्या एका भाकरीचे घेतले नाहीत.

मावशींना मात्र ते पटेना. भाकरी चालते का? आमच्याकडे कायम पाव असतो. साहेब म्हणाले, प्रभूने त्याच्या लोकांची रोजची भाकर हातात घेतली होती, आपण आपली घेऊ. नगरला राहून ज्यांनी अभंग-ओवीत ख्रिस्ताची गाणी लिहिली त्या रेव्हरंड ना. वा. टिळकांची आठवण मला तेव्हा झाली. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या माणसाला ख्रिस्त आपल्या मातीतला वाटावा असा ध्यास होता. ती भाकरी त्यांना नक्की आवडली असती.

कोकणकडा गडाच्या पश्चिमेला आहे. सूर्य आपल्या पाठीमागून उगवतो आणि गडाची सावली खाली कोकणावर पडते. कडा आत वळलेला, खालून वारा असा येतो की रुमाल हातातून सुटून वर जातो. आम्ही काठापासून बरेच मागे बसलो. भाकरीवर फडकं घातलं, फडक्याच्या चारही टोकांवर दगड ठेवले. द्राक्षरस स्टीलच्या बाटलीत होता.

साहेबांनी मत्तयाचा पाचवा अध्याय काढला. डोंगरावरचं प्रवचन. आपलं अर्पण वेदीजवळ आणताना भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर आणि मग ये, हे येशूने सांगितलेलं वचन. ते वाचून त्यांनी बायबल मिटलं आणि म्हणाले, "आपण थांबू." बस, एवढंच. त्यांनी कोणाकडे पाहिलं नाही, नाव घेतलं नाही.

आम्ही थांबलो. वारा होता, थंडी होती. पाच मिनिटं गेली, दहा गेली. पोरांची चुळबुळ सुरू झाली. मागे काही लोक फोटो काढायला आले, आमच्याकडे पाहून लांब गेले. साहेब डोळे मिटून बसले होते. मला वाटलं, आता ते आशीर्वाद देतील आणि आपण प्रभुभोजन न घेताच उठू. माझ्या मते ते खरंच तसं उठले असते.

खजिनदार उठले. सोललेल्या गुडघ्याने लंगडत मास्तरांसमोर जाऊन उभे राहिले. म्हणाले, "मी पावत्या मागितल्या. तुला चोर म्हटलं नव्हतं."

मास्तर खालीच पाहत होते. "मला तसंच ऐकू आलं."

"मग ते माझ्या बोलण्यातच असणार."

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग मास्तर म्हणाले, "हिशेब मी देतो. सगळा देतो. पण सभेत उभं करून मागू नकोस. घरी ये. तू घरी यायचा बंद झालास." शेवटचं वाक्य त्यांना नीट बोलता आलं नाही.

खजिनदार तिथेच त्यांच्या शेजारी खाली बसले. खांद्याला खांदा लागेल इतके जवळ, कारण त्या खडकावर दुसरी जागाच नव्हती. सिस्टर रडत होत्या, मी रडत होते. आणखीही एक-दोन जण उठून एकमेकांपाशी गेले. त्यांच्यात काय होतं ते मला आजही माहीत नाही, आणि विचारणार नाही. मग साहेबांनी भाकरी मोडली. तिला मिठाची आणि धुराची चव होती. मावशींनी सगळ्यांत आधी हात पुढे केला.

लोक विचारतात, ट्रेकने आत्मिक वाढ होते म्हणजे नेमकं काय होतं? मी डोंगराला त्याचं श्रेय देत नाही. डोंगर कोणाला पवित्र करत नाही, शनिवारची ती रात्र त्याला साक्षी आहे. पण तिथे पाऊलवाट एकच असते. मागे राहता येतं, पुढे जाता येतं, दुसऱ्या दाराने बाहेर पडता येत नाही. ज्याचं पाणी तुम्ही प्यालात त्याच्यासमोर सकाळी वचन वाचलं जातं, तेव्हा ते दुसऱ्या कोणासाठी आहे असं समजता येत नाही. आमच्या मंडळीत नाताळनंतरच्या त्या काही आठवड्यांत प्रार्थना कमी झाल्या नव्हत्या, उपास झाले होते, बाहेरचे वक्तेही येऊन गेले होते. कमी पडत होती ती एकमेकांसमोर बसण्याची सक्ती. इतर मंडळ्यांनी तरुणांना डोंगरावर न्यावं असं मला मनापासून वाटतं, फक्त वाद नसलेली सोयीची माणसं निवडून नेऊ नयेत.

उतरताना आम्ही पाचनईची वाट घेतली, गाडी तिकडे बोलावली होती. परतीत आळेफाट्याला चहाला थांबलो. मास्तर आणि खजिनदार एका टेबलावर कागद पसरून बसले होते. मांडव, साउंड, केक, मुलांची बक्षिसं. मांडवाची एक पावती सापडत नाही. मास्तरांनी ती मांडववाल्याकडून पुन्हा लिहून आणायची आणि शुक्रवारी संध्याकाळी खजिनदारांनी त्यांच्या घरी जेवायला जायचं, असं तिथेच ठरलं.